मीटरवरचे एकशे पंधरा

ताराक्कानं ट्रेमधलं एक अंडं उचललं, डावा डोळा मिटला आणि ते पापणीवर टेकवलं. मी तिच्या शेजारी हातात मल्टीमीटर घेऊन उभा होतो. तिनं तसंच दुसरं अंडं उचललं, मग तिसरं.

"कडक हाय," ती म्हणाली. "ऊब कडक हाय, म्हेत्रे सायेब. मऊ न्हाई लागत."

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. डिप्लोमा होऊन सात महिने झाले होते, आणि मला साहेब म्हणणारं जगात हे एकच माणूस होतं. त्या म्हणण्यात निम्मी थट्टा असायची, पण निम्मा मान तर असायचा, आणि मला तेवढा पुरत होता. मी तिला विचारलं, ऊब कडक आणि मऊ म्हणजे काय, किती अंश? ती म्हणाली, अंश तिला सांगता येणार नाहीत, पण पापणीला कळतं. मी हसलो. हसायला नको होतं, पण बावीस वर्षांच्या डिप्लोमावाल्यासमोर कुणी पापणीचं माप सांगितलं तर तो हसणारच.

हे सगळं खरमाट्यांच्या हॅचरीत चाललं होतं. विट्याच्या बाहेर, मायणीच्या रस्त्याला ही हॅचरी होती. कोंबड्यांची अंडी मशीनमध्ये उबवून पिल्लं काढायची आणि आसपासच्या पोल्ट्रीवाल्यांना पुरवायची, हे तिथलं काम. मशीनला सेटर म्हणत. खोलीएवढं लाकडी कपाटच ते, आत पंखा, मागच्या बाजूला हीटर आणि वरपासून खालपर्यंत अंड्यांचे ट्रे. बापूसाहेब खरमाट्यांनी ते मुंबईच्या एका लिलावातून उचललं होतं. होतं अमेरिकन. मजबूत होतं, पण एक खोड होती. त्याचे हीटर एकशे पंधरा व्होल्टचे, आणि आपल्या भिंतीत येते ती वीज दोनशे तीस व्होल्टची. म्हणून मध्ये एक भलामोठा ट्रान्सफॉर्मर बसवलेला होता, तो दोनशे तीसचे एकशे पंधरा करून द्यायचा. बारा वर्षं त्यानं इमानानं काम केलं आणि सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीत एके दिवशी दुपारी धूर सोडून तो गेला.

नवीन वाइंडिंग करून द्यायला कोल्हापूरचा माणूस दीड महिना मागत होता. बापूसाहेबांना दीड दिवसही थांबायचं नव्हतं. ते थेट आमच्या दुकानात आले. दुकान तारळेकर मास्तरांचं. मास्तर पूर्वी आयटीआयला शिकवायचे, निवृत्त झाल्यावर त्यांनी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि मी त्यांच्याकडे लागलो होतो. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि बापूसाहेबांना म्हणाले, "आमचा अरविंद इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर करून देईल. आठवड्यात."

मी पाच दिवसांत करून दिला.

त्याची युक्ती सांगायला सोपी आहे. आपली वीज सरळ वाहत नाही, ती वरखाली होत असते. कागदावर काढली तर लाटांची रांग दिसते. माझा रेग्युलेटर प्रत्येक लाटेची चढण, म्हणजे तिचा पहिला अर्धा भाग, अडवायचा आणि शिखरापासून पुढची उतरण तेवढी हीटरकडे जाऊ द्यायचा. नॉब फिरवला की किती अडवायचं ते कमीजास्त होई. मी नॉब फिरवत गेलो, मास्तरांच्या मल्टीमीटरचा काटा बघत गेलो, आणि काटा एकशे पंधरावर आला तेव्हा नॉबवर लाखेचा थेंब टाकून तो पक्का केला. अर्धी लाट कापली, अर्धे व्होल्ट मिळाले. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की घरी जाताना मी सायकलवर शीळ घालत होतो.

आणि तो मीटर साधासुधा नव्हता. मास्तरांच्या मेव्हण्यानं कुवेतहून आणलेला जपानी मीटर होता तो. फ्लॅनेलच्या पिशवीत असायचा. मास्तर तो दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत. मला देऊ लागले होते, तीच माझी पदवी. विट्यात दोन इलेक्ट्रिशियनांचं व्होल्टेजवरून भांडण झालं तर ते आमच्या दुकानात येत आणि मीटर जे सांगेल ते दोघं मान्य करत.

म्हणून त्या दिवशी ताराक्कानं ऊब कडक आहे म्हटल्यावर मी वाद घातला नाही. मी तिला सेटरच्या मागे नेलं, मीटरच्या दोन्ही पिना हीटरच्या जोडणीला लावल्या आणि काटा दाखवला. ताराक्का चौथीपर्यंत शिकलेली होती, आकडे तिला चांगले वाचता यायचे. तिनं वाकून बघितलं. एकशे पंधरा. मी म्हणालो, ट्रान्सफॉर्मर होता तेव्हाही एवढेच होते, आता बोल. तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि परत दाराकडे गेली. माझ्या मते विषय संपला होता.

तिचा मात्र संपला नव्हता. सेटरच्या दारावर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, दार उघडू नये. अंडी फिरवायची दांडी बाहेरच होती, त्यासाठी दार उघडावं लागत नसे. सकाळी एकदा आत नजर टाकायची, बस. बापूसाहेब या बाबतीत फार कडक होते. बाहेरची गार हवा आत गेली की अंड्यातला जीव गेला, असं ते प्रत्येकाला बजावत. आणि ताराक्कानं त्या दिवसापासून तासा-दोन तासांनी दार उघडायला सुरुवात केली. पाच मिनिटं उघडं ठेवायचं, हातानं हवा घालायची, मग लावायचं. ती सोळा वर्षं त्या हॅचरीत होती. हॅचरीच्या आवारातल्या दोन खोल्यांत ती आणि तिचा नवरा राहायचे. नवऱ्याचे पाय अधू, तो खाटेवर बसून अंड्यांचे कागदी ट्रे चिकटवायचा. त्या दोन खोल्या नोकरीबरोबर होत्या. नोकरी गेली की खोल्या गेल्या. हे सगळं ठाऊक असून तिनं दार उघडलं.

सेटर भरल्यापासून आठव्या दिवशी, बुधवारी, अंडी तपासली. अंधाऱ्या खोलीत एक डबा, डब्यात दिवा, डब्याला भोक. भोकावर अंडं धरलं की आतलं दिसतं. जिवंत असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. मेलेलं असेल तर एक लाल कडं तेवढं उरतं. त्या दिवशी पाच हजार चारशे अंड्यांपैकी एकोणीसशे अंड्यांत कडं होतं.

मला बोलावणं आलं म्हणून मी गेलो, तोवर अंडी टोपल्यांत वेगळी काढून झाली होती. कुठली अंडी कुठल्या ट्रेमधली हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. ताराक्का एवढंच सांगत होती की मागच्या रांगेतलीच मेली, हीटरजवळची. तिचं कुणी ऐकत नव्हतं, कारण तोवर बापूसाहेबांना पहारेकऱ्यानं सांगितलं होतं की ही बाई दिवसभर दार उघडत होती. मी सेटरच्या मागे गेलो, पाठीमागची फळी काढली आणि हीटर चालू असताना आत डोकावलो. हीटरची तार अशी असते की नीट चालली तर काळपट लाल दिसते. माझ्या डोळ्यांसमोर ती स्वच्छ नारिंगी दिसत होती.

मी मीटर लावला. एकशे पंधरा.

मी फळी परत बसवली आणि घरी आलो. जेवलो की नाही ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी डिप्लोमाची वही काढली. त्यात एक धडा होता, आरएमएस व्होल्टेजचा. परीक्षेत दहा मार्कांना हमखास यायचा म्हणून मी तो पाठ केला होता. पाठ केलेल्या गोष्टीबद्दल विचार करायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. धड्याचं सांगणं असं होतं: वीज किती तापवते ते लाटेच्या साध्या सरासरीवरून ठरत नाही. लाटेच्या प्रत्येक क्षणाचा आकडा घ्या, त्याचा वर्ग करा, सगळ्या वर्गांची सरासरी काढा, आणि मग त्या सरासरीचं वर्गमूळ घ्या. जो आकडा येईल तेवढ्या व्होल्टचा हीटरला चटका बसतो.

मी एका लाटेचे अठरा तुकडे केले. पहिले नऊ रेग्युलेटर अडवतो, ते शून्य. उरलेल्या नवांचे आकडे साइनच्या कोष्टकातून काढले, वर्ग केले, बेरीज केली, अठरानं भागलं, वर्गमूळ घेतलं.

एकशे त्रेसष्ट आले.

मी ते खोडलं. चुकलं असणारच. एकाच दोन तारांमध्ये एकाच वेळी एकशे पंधराही आणि एकशे त्रेसष्टही कसे असतील? वीज म्हणजे काय आमच्या दुकानातली उधारी आहे, की मी एक आकडा सांगावा आणि गिऱ्हाइकानं दुसरा? मी त्याच्याच खाली परत सुरुवात केली. परत एकशे त्रेसष्ट. माझे कान तापले. तिसऱ्यांदा केलं, तेव्हा एकशे त्रेचाळीस आले, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. तीन वेळा गणित करून दोन उत्तरं येतात म्हणजे गणितावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, असं मी मनाशी म्हटलं. तिसऱ्या वेळी बेरजेतला सगळ्यात मोठा तुकडा मी गाळला होता, हे मला चौथ्यांदा तपासलं असतं तर लगेच दिसलं असतं. मी चौथ्यांदा तपासलं नाही.

संध्याकाळी मास्तरांना वही दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, वही मिटली आणि मला परत दिली. म्हणाले, जपानी माणूस चुकेल असं तुला वाटतं का? मग ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "अरविंद, मीटरपेक्षा शहाणं होऊ नये. कागदावर काय वाटेल ते येतं." मला हे ऐकून खूप हायसं वाटलं. डोक्यातला गोंधळ काही कमी झाला नाही, पण गोंधळायला आता मला मास्तरांची परवानगी मिळाली होती.

शुक्रवारी सकाळी बापूसाहेबांनी हॅचरीच्या व्हरांड्यात सगळ्यांना बोलावलं. आठ-दहा कामगार उभे होते. ताराक्का खांबाला टेकून उभी होती, हात पदराखाली. बापूसाहेब खुर्चीत बसले होते. मोठा आवाज न करता बोलणारा माणूस, त्यामुळे सगळ्यांना पुढे सरकून ऐकावं लागायचं. त्यांनी तिला विचारलं, दार उघडत होतीस का? ती म्हणाली, होय. किती वेळा? तिनं सांगितलं की मोजलं नाही. का उघडलंस? तर म्हणाली, आत ऊब कडक होती, अंडी शिजली असती. दाराच्या काचेमागचा थर्मामीटर तर ठीक दाखवत होता, बापूसाहेब म्हणाले. ती म्हणाली, थर्मामीटर पुढं आहे आणि हीटर मागं, आणि पुढं ठीक दिसत होतं तेही दार उघडल्यामुळंच.

मग बापूसाहेब माझ्याकडे वळले. तिच्यावर अन्याय होऊ नये म्हणूनच त्यांनी विचारलं असणार, आजही मला तसंच वाटतं. ते तिच्यावर उगाच खार खाणारे नव्हते.

"म्हेत्रे, तुमच्या मशीनमध्ये काही दोष आहे का? स्पष्ट सांगा. असेल तर असेल."

सगळे माझ्याकडे बघत होते. ताराक्काही बघत होती. माझ्या खिशात वहीचं पान घडी करून ठेवलेलं होतं. त्या पानावर एकशे त्रेसष्ट लिहून खोडलेलं होतं, पुन्हा एकशे त्रेसष्ट, आणि मग एकशे त्रेचाळीस. माझ्या डोक्यात तिन्ही आकडे एकमेकांवर आपटत होते. मला खरोखर कळत नव्हतं की खरं काय आहे. आता हे पान काढून सगळ्यांसमोर काय सांगू? की मीटर म्हणतो एकशे पंधरा, मी म्हणतो एकशे त्रेसष्ट, कधी कधी त्रेचाळीस? लोक हसले असते.

"मीटरवर एकशे पंधरा आहेत," मी म्हणालो.

त्यात खोटा एकही शब्द नव्हता.

बापूसाहेबांनी मान हलवली. ताराक्काला म्हणाले, सोळा वर्षं झाली म्हणून वाईट वाटतं, पण सांगितलेलं न ऐकणारं माणूस या कामाला चालत नाही. सोमवारपर्यंत खोल्या मोकळ्या कर. जाताना तिनं व्हरांड्यातल्या टोपलीतलं एक अंडं सरळ करून ठेवलं, टोक खाली करून, जसं ठेवायचं असतं तसं. ते अंडं मेलेलंच होतं.

शनिवारी मी दुकानात कामच करू शकलो नाही. एका गिऱ्हाइकाच्या रेडिओत दोन वेळा चुकीची तार जोडली. मास्तर बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी चिडून विचारलं, तुझ्या डोक्यातून तो किडा जाणार की नाही? मी म्हणालो, दुसऱ्या मीटरनं एकदा मोजून बघू या. दुसरा मीटर आमच्याकडे नव्हताच. मास्तर उठले, माळ्यावर चढले आणि भंगारातून एक जुना पॅनेल मीटर काढून आणला. कुठल्याशा बंद पडलेल्या जनरेटरवरचा, काच तडकलेली, आत गंज. आतली रचनाही जुन्या धाटणीची, एका वेटोळ्यात लोखंडाचा तुकडा. मला गप्प करायलाच त्यांनी तो आणला होता. त्यांनी माझ्या रेग्युलेटरचा जोड नमुना, जो मी आधी दुकानात तयार केला होता, तो टेबलावर घेतला, नॉब फिरवून जपानी मीटरवर एकशे पंधरा आणले आणि मग भंगारातला मीटर लावला.

काटा गंजामुळे अडखळला. मास्तरांनी बोटानं काचेवर टिचकी मारली. काटा सुटला आणि एकशे साठच्या थोडा पुढे जाऊन थांबला.

मास्तरांनी दोन्ही मीटर काढले, अदलाबदल करून परत लावले. तेच. मग त्यांनी फ्लॅनेलच्या पिशवीतून जपानी मीटरची छोटी पुस्तिका काढली, जी चार वर्षांत कुणी उघडली नव्हती, आणि चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन वाचत बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. हा मीटर लाटेची साधी सरासरी मोजतो आणि तिला एका ठरावीक आकड्यानं गुणून दाखवतो. लाट अखंड असेल तरच ते उत्तर खरं. कापलेल्या लाटेला ते लागू नाही.

"अखंड असेल तरच," मास्तर स्वतःशीच म्हणाले.

मला तेव्हा कुठे सगळं लख्ख कळलं, आणि कळलं ते इतकं सोपं होतं की लाज वाटली. व्होल्ट दुप्पट केले की उष्णता चौपट होते. म्हणजे व्होल्ट निम्मे केले तर उष्णता पाव राहिली पाहिजे. आम्हाला पाव हवी होती. मी मात्र लाट निम्मी कापली होती, आणि लाट निम्मी कापली तर उष्णता निम्मी राहते. सेटरला मी आठ दिवस दुप्पट उष्णता दिली होती. मीटर बिचारा आपल्या जागी बरोबर होता. त्याला जे विचारायचंच नव्हतं ते मी विचारलं होतं.

मी मास्तरांना म्हणालो, आपण दोघं जाऊन बापूसाहेबांना सांगू. मास्तर पुस्तिकेची पानं सरळ करत राहिले. मग म्हणाले, "मी येत नाही. माझ्या वयात मला ते झेपायचं नाही. तू जा." आणि त्यांनी फ्लॅनेलची पिशवी माझ्यापुढे सरकवली. दुकानाबाहेर तो मीटर असाच कधी गेला नव्हता. मास्तर नेहमी बरोबर असायचे, किंवा मी न्यायचो तेव्हा संध्याकाळच्या आत परत आणायची अट असायची. त्या दिवशी त्यांनी अट घातली नाही.

रविवारी सकाळी मी हॅचरीत पोचलो. दोन पिशव्या होत्या: एकीत मीटर आणि बल्बापुरता एक छोटा ट्रान्सफॉर्मर, दुसरीत रेग्युलेटरचा तो जोड नमुना आणि दोन सारखे बल्ब. बापूसाहेबांना मी आधी काही समजावलं नाही. व्हरांड्यातल्या टेबलावर एक बल्ब ट्रान्सफॉर्मरवर लावला, दुसरा रेग्युलेटरवर. मीटर पहिल्यावर लावून दाखवला: एकशे पंधरा. दुसऱ्यावर लावून दाखवला: एकशे पंधरा. मग म्हणालो, आता मीटर विसरा आणि बल्बांकडे बघा.

पहिला बल्ब मिणमिणत होता. दुसरा चांगला झगझगत होता.

बापूसाहेबांनी दोन्हींच्या जवळ हात नेला, उष्णता बघितली, हात मागे घेतला. त्यांनी मला पुन्हा मीटर लावायला लावला. मी लावला. आकडा तोच. वर्ग आणि वर्गमूळ मी त्यांना सांगितलंच नाही, गरजच पडली नाही.

"म्हणजे तिनं दार उघडलं नसतं तर?"

"सगळीच गेली असती," मी म्हणालो. "पाचही हजार."

मी सेटरच्या नॉबवरची लाख खरवडली आणि हीटरची तार काळपट लाल दिसेपर्यंत नॉब मागे फिरवला. तोवर त्यांनी माणूस पाठवून ताराक्काला बोलावलं. ती आली तेव्हा हाताला सुतळीचा वळ उठलेला होता. भांडी पोत्यात बांधत होती. नवरा दारात खाटेवर बसून इकडे बघत होता. बापूसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. मला वाटतं, माफी मागण्याची सवय नसलेल्या माणसाला निदान उभं राहावं लागतं. शुक्रवारी जे कामगार हजर होते त्या सगळ्यांना त्यांनी परत बोलावून घेतलं होतं. त्यांच्यासमोर ते म्हणाले, "ताराक्का, चूक माझी झाली. तुझी पापणी बरोबर होती. आजपासून काम बघ, आणि दार कधी उघडायचं ते तूच ठरव."

तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते तसेच वाहू दिले. सोळा वर्षं जे तिचं होतं ते दोन दिवस गेलं होतं आणि परत मिळालं होतं. मला तिच्याकडे बघवेना, आणि त्याच वेळी मला फार हलकं वाटत होतं. मी माझ्या वस्तू पिशवीत भरू लागलो. मी येऊन खरं सांगितलं, धीर केला, असं काहीतरी मनात यायला लागलं होतं. नाकारत नाही.

मी फाटकाकडे निघालो तशी ती मागून आली. मला वाटलं, काही चांगलं बोलेल. तिनं विचारलंही तसंच, आदरानं.

"म्हेत्रे सायेब, तुमाला ह्ये कळलं कवा?"

काल, असं सांगता आलं असतं. भंगारातल्या मीटरवर काटा हलला तो कालच. तोंडापर्यंत आलंही होतं. पण ती समोर उभी होती, आणि मला एवढंही खोटं बोलवेना. मी खिशातून ते पान काढलं आणि तिला दाखवलं. सांगितलं, गुरुवारी गणित केलं तेव्हा एकशे त्रेसष्ट आले होते. तिनं पान हातात घेतलं. आकडे तिला वाचता येत होते. खोडलेला आकडा तिनं बोटाखाली धरला, मग त्याच्या खालचा.

"बेस्तरवारी," ती म्हणाली. "आन मालकांनी इचारलं शुक्कारी."

"गोंधळ झाला होता, आक्का," मी म्हणालो. "खरंच सांगतो. मीटर एक सांगत होता आणि गणित दुसरंच. एकाच तारेतले दोन आकडे. कुठला खरा, तेच कळत नव्हतं."

तिनं मान डोलावली. तिला पटलं होतं. गोंधळ म्हणजे काय हे तिला समजत होतं. तिनं पानाची घडी जशी होती तशी घातली आणि मला परत दिली. तिच्या आवाजात राग नव्हता. पहिल्या दिवशी मी तिला मीटरचा काटा दाखवला तेव्हा ती जशी वाकून बघत होती, तशीच ती आता माझ्याकडे बघत होती.

"दोन आलं हुतं," ती म्हणाली, "तर मग येकच का सांगितला?"

ती उत्तरासाठी थांबली. टोमणा मारून निघून जाणारी बाई नव्हती ती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी हातातली घडी परत उलगडली. तिन्ही आकडे तिथेच होते. आतून कुणीतरी तिला हाक मारली, अंडी फिरवायची वेळ झाली होती. ती आणखी थोडा वेळ थांबली, आणि मग गेली.